भाचा इंग्लंडात कामाला लागला आणि अण्णांचा रविवार गेला

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, पण आज घरातला विषय घेऊन आले आहे.

माझी धाकटी बहीण इंग्लंडला असते, नॉटिंगहॅमच्या बाजूला. तिचा मुलगा सोळाचा. जूनमध्ये त्याची जीसीएसईची (तिकडची दहावीसारखी) परीक्षा संपली, आता सप्टेंबरपर्यंत मोकळा. गेल्या दिवाळीपासून ठरलं होतं की परीक्षा झाली की तो एकटा सोलापूरला येणार आणि महिनाभर अण्णांकडे (माझे वडील, त्याचे आजोबा) राहणार. आषाढीच्या आधी गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्कामाला येते, ती अण्णांना त्याला दाखवायची होती.

तर चिरंजीवांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात गावातल्या फिश अँड चिप्सच्या दुकानात काम धरलं. शनिवार आणि रविवार, दुपारी बारा ते आठ. महिनाभर येणं रद्द, 'जमलं तर दोन आठवडे येईन' म्हणतो. दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. दर रविवारी संध्याकाळी साडेसातला त्याचा अण्णांना व्हिडिओ कॉल असायचा. तो बोलायलाही लागला नव्हता तेव्हापासूनचा हा नेम. अण्णा सात वाजताच दाढी-बिढी करून, धुतलेला सदरा घालून बसतात. आमच्या साडेसातला तिकडे दुपारचे तीन, म्हणजे तो नेमका काउंटरवर. दोन रविवार फोन नाही. अण्णा काही बोलत नाहीत, फक्त टीव्हीचा आवाज मोठा करतात.

बहीण म्हणते, 'तू समजाव अण्णांना.' भाऊ म्हणतो, 'पोराला काम सोडायला लाव, आपल्या घरात काय कमी आहे? लोकांची उष्टी काढायला पाठवलंय का तिकडं?' मी मध्ये. तुमच्यापैकी कुणाची मुलं, नातवंडं, भाचरं बाहेर असतील तर सांगा, मी कुणाला काय समजावू?

बाळीवेस_बे
पहिल्या पगारात मावशीला काय पाठवणार ते आधी विचारा. बाकीचं नंतर बगू की.

टेम्सवरचा_मठ्ठा
ताई, आधी कायद्याचं बघून घ्या, कारण इथे बरेच आईबापही त्यात गोंधळतात. इंग्लंडमध्ये मूल सोळाचं झालं म्हणून लगेच मोकळं होत नाही. ज्या शैक्षणिक वर्षात सोळावं लागतं, त्या वर्षीच्या जूनच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत ते शाळकरीच धरतात. तोवर कौन्सिलचा (म्हणजे इथल्या नगरपालिकेचा) परवाना लागतो, रविवारी दोनच तास काम करता येतं आणि संध्याकाळी सातनंतर अजिबात नाही. भाचा त्या शुक्रवारनंतर लागला असेल तर ठीक.

त्यानंतर अठरा होईपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, आठवड्याला चाळीस. साडेचार तासांपेक्षा जास्त पाळी असेल तर अर्ध्या तासाची सुट्टी द्यावीच लागते. सोळा-सतराच्या मुलांना किमान मजुरी गेल्या वर्षी ताशी ७.५५ पौंड होती, एप्रिल २०२६ पासून ८ पौंड. म्हणजे तासाला आपले नऊशे-हजार रुपये. तुमच्या भावाला हा आकडा सांगून बघा, उष्टी वगैरे शब्द जरा सौम्य होतील. :)

तिखटजाळ
माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. त्या वयात हातात पैसा खेळायला लागला की पुस्तक जड होतं. तासाला हजार रुपये मिळतात म्हणजे काय? पोराला गरज आहे का त्याची? नाही ना? मग ज्या आजोबांनी इतकी वर्षं रविवार राखला त्यांना एक उन्हाळा द्यायला काय हरकत आहे? चिप्सचं दुकान पुढच्या वर्षीही असेल. अण्णांचं वय किती ते ताईंनी लिहिलेलं नाही, पण समजायचं ते समजतं.

काळीमाती
@तिखटजाळ, हे 'आजोबा किती दिवस असणार' हत्यार आपल्याकडे फार लवकर बाहेर निघतं राव. त्या पोराने दोन रविवार चुकवलेत, देश सोडून पळाला नाही.

आणि उष्टी काढण्याबद्दल. आमच्या गल्लीत सत्तावीस वर्षांचे घोडे 'स्पर्धा परीक्षेची तयारी' म्हणून बापाच्या पेन्शनवर सात रस्त्याला चहा पीत उभे असतात, त्यांची कुणाला लाज वाटत नाही. आणि सोळाचं पोर स्वतःच्या हाताने फरशी पुसतंय तर घराण्याचं नाक जातं!

तिखटजाळ
चहा पिणाऱ्यांना मध्ये आणू नका, मीही त्यातलाच होतो.

न्यूजर्सीची_नणंद
शेंगाचटणी ताई, तुमची अडचण वाचून मला खरं सांगू तर हेवा वाटला. आमची लेक सतराची. तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली उन्हाळ्यात कुठे ना कुठे काम करतात. कुणी पोहण्याच्या तलावावर, कुणी आइस्क्रीमच्या दुकानात. आम्ही एच-१बी वर (नोकरीचा व्हिसा), ती एच-४ वर (आमच्यावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा), तिला एक डॉलर कमवायची परवानगी नाही. शेजारच्या बाईंनी बाळ सांभाळायला विचारलं, तेही नको म्हणून सांगावं लागलं. ग्रीन कार्डची रांग इतकी लांब की तोवर ती एकवीसची होईल आणि आमच्या व्हिसातूनच बाहेर पडेल.

लायब्ररीत फुकट जाते, पुस्तकं लावते. परवा म्हणाली, 'आई, मला कुणीतरी रागावणारा मॅनेजर हवाय.' हसावं का रडावं कळेना.

सोलापूरला माझ्या सासूबाईंना वाटतं की आम्हीच तिला काम करू देत नाही, लाडावून ठेवलीय. व्हिसा समजावून सांगायचा दोनदा प्रयत्न केला. मग सोडून दिलं.

पूर्वभाग
मी अशोक चौकाच्या मागचा, पद्मशाली घरातला. आमच्याकडं पार्टटाइम, फुलटाइम असलं काही नव्हतंच बे. घरात माग. शाळेतनं आलं की दप्तर टाकायचं आणि कांड्या भरायला बसायचं. आई आणि मोठी आत्या विड्या वळायच्या, आम्ही पानं कापून द्यायचो, बंडलाला दोरा बांधायचो. पैसे? पैसे कुठले. मे महिन्यात नव्या पेठेत कापडाच्या दुकानात थान उचलायला लागलो तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या नावानं पैसे मिळाले. ते घेऊन घरी आलो तर आईनं मोजून डब्यात टाकले आणि त्यातनं मला भज्यांपुरते दिले. राग आलता लई. मागावर एवढी वर्षं बसलो त्याचा राग कधी आला नव्हता, या पैशाचा आला. का, तर हे माझे होते.

ते पोरगं आजोबांना विसरलं असं वाटत नाही मला. पहिल्यांदाच काहीतरी 'माझं' झालंय त्याचं. ते थोडे दिवस मुठीत धरू द्या.

आमचे नाना गिरणीत होते. भोंगा झाला की घर हलायचं. त्यांना दुपारची पाळी असली की आठवडाभर बाप आणि पोरं एकमेकांना जागेपणी बघायचो नाही. कुणी म्हणलं का की नात्यात अंतर आलं म्हणून? कामावर गेलेल्या माणसाची वाट बघायची असते, एवढंच माहीत होतं.

ताई, तुमचे अण्णा काय करायचे?

एकोणीस_पूर्ण
मी मूळ सोलापूरची, होटगी रोड. सध्या मेलबर्नला शिकते, पहिलं वर्ष. इथे बहुतेक सगळे काका-काकू बोलतायत म्हणून म्हटलं कामवाल्या बाजूनेही कुणीतरी लिहावं.

माझा व्हिसा विद्यार्थ्याचा. कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं (१ जुलै २०२३ पासून असं आहे), सुट्टीत मर्यादा नाही. एका कॅफेच्या किचनमध्ये काम करते. घरी पप्पांचा टॉवेलचा कारखाना आहे, मी घरात पाण्याचा तांब्या भरलेला आठवत नाही. निघताना आजीने सांगितलं होतं, 'काम कर, पण ताटं विसळतेस हे आत्याला सांगू नको.' आत्या हा धागा वाचत असेल तर: आत्या, मी ताटं विसळते. मशीन आहे, पण तव्याला हातच लावावा लागतो.

आता मुद्द्याचं. रविवारच्या कामाला इथे जास्त दर असतो, त्यामुळे रविवारच्या शिफ्टसाठी भांडणं होतात. आणि सोलापूरहून सगळ्यांना फोन करायचा असतो रविवारीच! सुरुवातीला मी ब्रेकमध्ये मागच्या दारात उभी राहून फोन घ्यायचे. समोर कचऱ्याचे डबे, कानात आई: 'जेवलीस का, काय जेवलीस, भाजी मिळते का.' माझं लक्ष घड्याळाकडे. तिला वाटायचं मी तुटक बोलते. बोलतच होते तुटक.

मग मीच वार बदलला. आता मंगळवारी आणि शुक्रवारी मी रात्री दहाला सुटते, तेव्हा सोलापुरात साडेपाच. ट्रॅमने घरी जाईपर्यंत आईशी बोलते. एकटीने रात्रीचं जायचं, तर कानात आई असते, तिलाही बरं वाटतं. एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. वार बदलून मिळाला तो मी मागितल्यावर. सोळाच्या मुलाला हे मागायचं सुचेलच असं नाही. त्याला वाटत असणार की रविवार हा अण्णांचा नियम आहे, तो मोडला की मोडलाच. मग तो गप्पच बसेल.

बाळीवेस_बे
आत्या, धाग्यावर या. हाक मारलीया.

शेंगाचटणी
अरे बापरे, केवढे प्रतिसाद. @टेम्सवरचा_मठ्ठा, तो शुक्रवार होऊन गेल्यावरच लागलाय, बहिणीने विचारून घेतलं होतं.

एक खुलासा करते, कारण दोन-तीन जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून अण्णांना बोल लावलेत. उष्टी वगैरे माझा भाऊ म्हणाला, अण्णा नाही. अण्णांनी कामाला एका शब्दाने नाव ठेवलेलं नाही. @पूर्वभाग, ते गिरणीतलेच. सतराव्या वर्षी बदली कामगार म्हणून लागले. बदलीवाल्याने रोज फाटकाशी जाऊन उभं राहायचं, कायमचा कुणी आला नाही तर आत, नाहीतर डबा घेऊन परत. गिरणी बंद पडली तोवर तिथेच होते. त्यामुळे कामाची लाज हा प्रश्नच नाही. त्यांना लागलंय ते रविवारचं, आणि पालखीचं.

बव्हेरियात_बाबा
आमच्याकडे जर्मनीत थोडं वेगळं आहे. तेरा-चौदाच्या मुलांना आईबापाच्या संमतीने दिवसाला दोन तास हलकं काम करता येतं, बहुतेक जण पत्रकं-वर्तमानपत्रं टाकतात. पंधरा ते सतराची शाळकरी मुलं सुट्टीत वर्षाला चार आठवडे पूर्णवेळ काम करू शकतात, जास्त नाही. त्यामुळे आमच्या मुलाचा उन्हाळा आपोआप वाटला जातो: चार आठवडे त्याच्या कामाचे, उरलेले सोलापूर आणि तुळजापूरचे. सरकारने आमच्या घरातलं भांडण मिटवलं म्हणा ना.

पण एक सांगतो. काम लागल्यावरच्या वर्षी तो सोलापूरला आला तेव्हा जरा बदललेला होता. काकांनी 'चल बे, दुकानात बस जरा' म्हटल्यावर आधी तोंड वाकडं करायचा, या वेळी स्वतः गल्ल्यावर बसला आणि वर काकांना विचारलं, 'तुमच्या पोऱ्याला तासाला किती देता?' काकांना घाम. तो पोऱ्या किती वर्षांचा आहे हेही विचारलं त्याने. आपल्याकडे चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, हे माझ्या काकांना माझ्या मुलाने सांगितलं. पोऱ्या सोळाचा निघाला, सुटलो.

हुरडापार्टी
तुळजापूर निघालंच आहे तर विचारतो, सोलापूरहून शेंगाचटणी नेताना चेक-इनमध्ये टाकता की केबिनमध्ये? माझी दोनदा बॅगेत फुटली, सगळे शर्ट तिखट.

न्यूजर्सीची_नणंद
स्टीलच्या डब्यात, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी टॉवेलात, आणि टॉवेल अर्थातच सोलापुरी. चेक-इनमध्ये. कडक भाकरी मात्र हातात, नाहीतर चुरा होतो.

काळीमाती
धागा भरकटला. सोलापूरकर जिथे जमतील तिथे तिसऱ्या पानावर चटणी येणारच.

नातू_टोरांटो
माझं मराठी लिहिणं चुकतं तर सॉरी. मी १७. आईने हा धागा दाखवला. माझी आजी पण सोलापूर, विजापूर रोड.

मी कॉफीच्या दुकानात काम करतो, एक वर्ष झालं. आधी आजीचा फोन आला की मला काय बोलायचं कळत नव्हतं. ती विचारायची अभ्यास कसा आहे. चांगला आहे. जेवला का. हो. थंडी आहे का. हो. मग मी फोन आईला द्यायचा. मला आजी आवडते पण बोलायला काही नव्हतं. तिला हॉकी माहीत नाही, मला तिच्या सिरियल माहीत नाही.

आता मी तिला गिऱ्हाईकांचं सांगतो. एक माणूस रोज येतो आणि रोज म्हणतो की कॉफी गार आहे. आजी म्हणाली तिच्या बाबांच्या हॉटेलात पण असा एक माणूस होता, चहा अर्धा पिऊन परत द्यायचा. मला माहीतच नव्हतं की तिच्या बाबांचं हॉटेल होतं! बाळी वेशीत. आता ती फोनवर आधी विचारते, तो गार कॉफीवाला आला का.

आणि मावशी, तो मुलगा कदाचित फोन करत नाही कारण त्याला वाटतं अण्णा रागावले. मी पण असंच करतो. कुणी रागावलं की मी अजून कमी फोन करतो. ते बरोबर नाही, पण करतो.

पूर्वभाग
@नातू_टोरांटो, एवढं मराठी आमच्या सोलापूरच्या इंग्रजी शाळेतल्या पोरांना येईना बे. लिहीत राहा.

तिखटजाळ
नातवाचं पटलं. पण पालखीच्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही. फोनचा वार बदलता येतो, एकादशी बदलत नाही. शिवाय गड्डा (सिद्धेश्वरांची जत्रा) जानेवारीत, तेव्हा तिकडे शाळा. नंदीध्वज, अक्षता सोहळा या पोरांनी मोबाइलवरच बघायचा. हुरडा तेव्हाचाच. म्हणजे परदेशातल्या पोराला सोलापूर मिळतं ते फक्त उन्हाळ्यात, त्यांच्या उन्हाळ्यात, आपल्या पावसात. त्यात तेवढी एक पालखी सापडते. ती चिप्सच्या दुकानासाठी घालवली, याचं मला वाईट वाटलं आणि वाटणार. पुढच्या उन्हाळ्यात त्याला दुसरं काहीतरी असेल, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात विद्यापीठ.

काळीमाती
हे मात्र खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

शेंगाचटणी
ताजी खबर. एकोणीस_पूर्णचा प्रतिसाद मी बहिणीला वाचून दाखवला. तिने लेकाला विचारलं तर तो म्हणाला, 'अण्णांचा दिवस रविवार आहे, मी कसा बदलू?' अगदी एकोणीस_पूर्णने लिहिलं होतं तसंच. मग बुधवारी त्यानेच फोन केला, माझ्या मोबाइलवर, कारण अण्णांचा मोबाइल रविवारखेरीज चार्ज नसतो.

सुरुवातीला दोघंही 'हां… हां…' एवढंच. मग अण्णांनी विचारलं, 'तुझा जॉबर कसा आहे?' त्याला कळेना. मी म्हटलं, 'मॅनेजर रे.' तिथून जे सुरू झालं! पाळी किती तासांची, मध्ये सुट्टी किती, उभं राहून करायचं का बसून, तेलाजवळ कोण उभं राहतं, हात भाजला तर दवाखान्याचे पैसे कोण देतं, बदलीवर आहेस का कायम. पोरगं सगळ्याची उत्तरं देत होतं. बटाटे सोलायचं यंत्र त्याने फोन फिरवून दाखवलं, म्हणजे त्याचा फोटो. अण्णांनी यंत्र कुठल्या कंपनीचं ते विचारलं. पाऊण तास. माझं पीठ मळून वाळलं.

पालखीचं काही मिटलेलं नाही. त्याने 'सॉरी' म्हटलं, अण्णा म्हणाले, 'बघू.' अण्णांचं 'बघू' म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. @तिखटजाळ, तुमचा प्रतिसाद मी त्याच्या आईला पाठवलाय, त्याला वाचून दाखव म्हटलं. त्यालाही कळू दे काय चुकतंय ते.

दोन आठवड्यांचं म्हणाल तर, निकाल २० ऑगस्टला. त्यानंतर शाळा उघडेपर्यंत जेमतेम दिवस उरतात, म्हणून निकालाच्या आधीचे दोन आठवडे धरायचे असं चाललंय. मुंबईला उतरून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येईल, भाऊ आणायला जाणार. भावाने अजून उष्टी मागे घेतलेली नाहीत, पण रिझर्व्हेशन तोच बघतोय.

टेम्सवरचा_मठ्ठा
ताई, तिकीट काढायच्या आधी एक काम करा. इथे रजा मागायचा साधारण नियम असा आहे की जितकी रजा, त्याच्या दुप्पट दिवस आधी कळवायचं. करारात वेगळं लिहिलं असेल तर ते लागू. दोन आठवडे हवे असतील तर चार आठवडे आधी. ऑगस्टच्या सुरुवातीला निघायचं म्हणजे आज-उद्याच सांगायला हवं. दुकानदार तारखा नाकारू शकतो, म्हणून होकार लेखी घ्या, मेसेजवर चालेल.

आणि पोराला सांगा, पार्टटाइम असला तरी त्याला भरपगारी रजा मिळते. वर्षाला ५.६ आठवडे, म्हणजे त्याच्या दोन दिवसांच्या आठवड्याने ११ दिवस आणि थोडे वर. नुकताच लागलाय त्यामुळे आत्ता साठलेली फार नसेल, उरलेले दिवस बिनपगारी. पण मागायला लाजू नकोस म्हणावं. बरीच मुलं हे मागतच नाहीत आणि काही दुकानदार आपणहून सांगतही नाहीत.

शेंगाचटणी
हे माहीतच नव्हतं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, 'मग? हक्काची रजा आहे, मागायची. लेखी मागायची.' आता तेच त्याला अर्ज सांगतायत, मराठीतून, आणि मी टाइप करतेय. 'माननीय महोदय'पासून सुरुवात आहे.

बाळीवेस_बे
'आपला विश्वासू' विसरू नका.